अबुकीरचे स्पार्क प्लग

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)



मागच्या महिन्यात परळीच्या एका श्रोत्यानं व्हॉट्सअॅपवर आलेला एक मेसेज मला पाठवला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो वाचला असेल. गोष्ट अशी: जेआरडी टाटा विमानाच्या शर्यतीत उतरले होते. वाटेत त्यांना प्रतिस्पर्धी बंद पडलेल्या विमानाशेजारी बसलेला दिसला. जेआरडींनी आपले स्पार्क प्लग काढून त्याला दिले आणि त्यामुळं स्वतः शर्यत हरले. खाली हात जोडलेले चार इमोजी आणि ‘असे होते जेआरडी’. श्रोत्यानं विचारलं होतं, "दादा, हे खरं का?"

खरं आहे. पण अर्धं. आणि उरलेलं अर्धं मला जास्त आवडतं, म्हणून हा भाग.

आधी एक कबुली. विमानाबद्दल बीडच्या माणसानं बोलावं म्हणजे जरा धाडसच. आपल्या जिल्ह्यात अजून प्रवासी विमानतळ नाही. रेल्वेची वाट बघण्यात कितीतरी पिढ्या गेल्या आणि बीड शहरात गाडी आली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी. इथून विमान धरायचं तर संभाजीनगर नाहीतर पुणे गाठायचं. पण गोष्ट सांगायला धावपट्टी लागत नाही. आणि ही गोष्ट आपल्या शेजारच्या सोलापूरपर्यंत येऊन पोचते, ते शेवटी बघू.

तर साल १९२९. सर आगा खान यांनी पाचशे पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. हे आगा खान म्हणजे पुण्याच्या आगा खान पॅलेसचेच. जन्म कराचीचा, मुंबई-पुण्यात वाडे, आणि राहणं बरंचसं दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर. बक्षिसाच्या अटी साध्या होत्या. वैमानिक हिंदी पाहिजे. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट, एकट्यानं उडायचं. निघाल्यापासून एका महिन्यात पोचायचं. आणि जो पहिला हे पुरं करील, त्याचं बक्षीस. हा ‘पहिला’ शब्द लक्षात ठेवा, पुढं त्यावरच सगळं येतं.

पाचशे पौंड म्हणजे किती? तेव्हा रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे पौंडाला साधारण तेरा रुपये. साडेसहा हजारांच्या वर रक्कम जाते. चांगली रक्कम, पण त्यात नवं विमानसुद्धा आलं नसतं. पैशासाठी कोणी उडणार नव्हतं.

मग कशासाठी? त्या वेळी हवाई दलात हिंदी अधिकारी नव्हते. स्कीन समितीनं हिंदी मुलांना क्रॅनवेलच्या हवाई कॉलेजात घ्यावं अशी शिफारस केली होती, आणि पहिली सहा मुलं तिथं गेली ती १९३० मध्ये. भारतीय हवाई दल स्थापन झालं ८ ऑक्टोबर १९३२ ला. म्हणजे १९३० च्या सुरुवातीला ‘हिंदी माणसाला विमान झेपतं का’ हा प्रश्न साहेबाच्या डोक्यात खरोखर होता. त्याचं उत्तर भाषणातून देता येत नव्हतं. कोणीतरी एकट्यानं विमानात बसून समुद्र ओलांडून दाखवायला पाहिजे होतं.

तिघं पुढं आले.

पहिला मनमोहन सिंग. (नाव ऐकून गोंधळू नका, हे वेगळे.) रावळपिंडीचा तरुण, इंग्लंडात ब्रिस्टलला शिकलेला. त्यानं आपल्या जिप्सी मॉथ विमानाचं नाव ठेवलं ‘मिस इंडिया’. दुसरे जेआरडी, वय पंचवीस. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला होता, आपल्या देशात दिलेला पहिला, क्रमांक एक. आई फ्रेंच, लहानपण बरंचसं फ्रान्समध्ये, फ्रेंच सैन्यात नोकरीही झालेली. १९२९ मध्येच त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडलं होतं. आणि तिसरा अस्पी इंजिनिअर. हा पोरगा सतरा वर्षांचा. लाहोरमध्ये जन्म, वडील रेल्वेत इंजिनिअर. आपल्याकडं सतराव्या वर्षी बाप मोटारसायकलची चावी लपवून ठेवतो. या पठ्ठ्यानं मार्च १९३० मध्ये आर. एन. चावला नावाच्या जोडीदाराबरोबर एका जिप्सी मॉथमधून कराची ते इंग्लंड हा प्रवास केला होता. पण दोघं मिळून गेले, त्यामुळं बक्षिसाच्या अटीत बसत नव्हतं. मग तो म्हणाला, परत एकटाच जातो.

आता जरा विमानाकडं बघू, कारण त्याशिवाय या गोष्टीतली भीती कळत नाही. जिप्सी मॉथ म्हणजे लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, दोन मजली पंखांचं, उघड्या खुर्च्यांचं विमान. चार सिलिंडरचं एकच इंजिन, ताकद सुमारे शंभर हॉर्सपॉवर. आपल्याकडच्या साध्या चारचाकीएवढी. वेग ताशी एकशे तीस-पस्तीस किलोमीटर. रेडिओ नाही. नकाशा मांडीवर, समोर होकायंत्र, खाली दिसेल ती नदी नाहीतर रेल्वेची पटरी. वारा समोरून असला की वेग आणखी पडायचा.

आणि रस्ता? कराचीहून इराणचा किनारा धरून बसरा, बगदाद, मग वाळवंट, पॅलेस्टाइन, इजिप्त. तिथून आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यानं लिबियातून पश्चिमेला. आणि मग खरी कसोटी, भूमध्य समुद्र. ट्युनिसच्या टोकापासून सिसिली जवळजवळ दीडशे किलोमीटर. म्हणजे तासाभराहून जास्त वेळ खाली नुसतं पाणी. एकच इंजिन. त्यानं मध्येच खोकायला सुरुवात केली तर उतरायला जागा नाही. सिसिलीनंतर नेपल्स, रोम, मग मार्सेय, तिथून ऱ्होन नदीचं खोरं धरून लिऑन, पॅरिस आणि खाडी ओलांडून लंडनचं क्रॉयडन.

दक्षिण युरोप आपण फोटोत बघतो तेव्हा निळं पाणी आणि ऊन दिसतं. छोट्या विमानाला तिथं दोन शत्रू. एक, डोंगर. इटलीच्या पाठीच्या कण्यासारखा ॲपेनाइन, त्यावर अचानक ढग. दुसरा, वारा. ऱ्होनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा गार वारा सुटतो, तो दिवसेंदिवस थांबत नाही. ताशी एकशे तीसच्या विमानाला समोरून साठ-सत्तरचा वारा लागला तर खालच्या रस्त्यावरची मोटार पुढं निघून जाईल.

कागदपत्रंही कमी नव्हती. १९१९ च्या पॅरिस करारानं प्रत्येक देशाचं आकाश त्या त्या देशाच्या मालकीचं ठरलं. शांततेच्या काळात दुसऱ्याच्या खाजगी विमानाला जाऊ द्यायचं, पण विमानाची नोंदणी, उडण्यायोग्य असल्याचा दाखला, वैमानिकाचा परवाना, प्रवासाची वही, सगळं बरोबर हवं. परदेशातून आलात तर कस्टमची सोय असलेल्या विमानतळावरच उतरायचं. गंमत म्हणजे हा सांगाडा अजून तसाच आहे. आज कोणी खाजगी विमान घेऊन ग्रीसच्या बेटावर निघालं तरी हेच प्रश्न: तिथं कस्टम आहे का, आधी परवानगी लागते का, आणि पिस्टन इंजिनाला लागणारं पेट्रोल मिळतं का. कारण बऱ्याच विमानतळांवर जेटचं इंधन असतं, हे नसतं. १९३० मध्ये निदान पेट्रोल सगळ्यांचं एकच होतं!

आता शर्यत.

मनमोहन सिंगचे आधीचे प्रयत्न फसले. त्यातल्या एका वेळी दक्षिण इटलीत वाट चुकून त्याला डोंगरातल्या रस्त्यावर विमान उतरवावं लागलं. इंग्लंडातल्या एका विमानविषयक साप्ताहिकाच्या संपादकानं टोमणा मारला, की विमानाचं नाव ‘मिस इंडिया’ आहे, आणि हा गृहस्थ इंडिया ‘मिस’ करणारच. शब्दाचा खेळ चांगला आहे, पण त्यातला वरून खाली बघायचा सूर ऐकू येतो की नाही? गडी पुन्हा निघाला. या वेळी मार्सेयजवळ दलदलीत उतरावं लागलं, दिवस वाया गेले. तरी तो कराचीला पोचला. एकटा, इंग्लंडहून. पण महिन्याची मुदत थोडक्यात हुकली होती. बक्षीस नाही.

अस्पी २५ एप्रिलला क्रॉयडनहून निघाला. जेआरडी ३ मेला कराचीहून. दोघं समोरासमोरून येणारे. आणि इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीरच्या विमानतळावर दोघांची गाठ पडली. अस्पी तिथं अडकून बसला होता. इंजिनाचे प्लग गेलेले, जादा जवळ नाहीत, नवे येण्याची वाट बघतोय. जिप्सी इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन, असे आठ प्लग. जेआरडींकडं जादा प्लग होते. त्यांनी ते दिले.

म्हणजे मेसेजमधली पहिली दुरुस्ती: स्वतःच्या इंजिनातले प्लग काढून दिले नाहीत. तसं केलं असतं तर दोघंही तिथंच राहिले असते. दिले ते जादा ठेवलेले. पण म्हणून ते देणं लहान होत नाही. पुढं लिबियाचं वाळवंट आणि समुद्र असताना जादा प्लग म्हणजे तुमचा जीव.

दुसरी गोष्ट मेसेजमध्ये कधीच नसते. अस्पीनं मोकळ्या हातानं प्लग घेतले नाहीत. त्यानं आपलं लाइफ जॅकेट काढून जेआरडींना दिलं. त्याचा समुद्र ओलांडून झाला होता, जेआरडींचा अजून व्हायचा होता. सतरा वर्षांच्या पोराला हे सुचलं. मला विचाराल तर अबुकीरला दान झालं नाही, देवाणघेवाण झाली. दोन वैमानिकांनी समोरच्याला पुढं काय लागेल याचा विचार केला.

११ मे १९३० ला अस्पी कराचीला उतरला. जेआरडींचा प्रवास संपला त्याच्या काही तास नंतर, आणि बक्षीस अस्पीला गेलं.

आता दिवस मोजा. अस्पीला सतरा दिवस लागले, जेआरडींना दहाच्या आसपास. म्हणजे घड्याळ लावून बघितलं तर जेआरडी कितीतरी वेगवान. पण अट ‘पहिला’ अशी होती. जेआरडी आठवडाभर उशिरा निघाले, तिथंच ते मागं पडले होते. प्लग दिले नसते तर कदाचित जिंकले असते, हे मान्य. पण ‘प्लगमुळंच हरले’ असं म्हटलं की अस्पीनं केलेलं सगळं पुसलं जातं. तो नुसता मदत घेणारा उरतो, नावसुद्धा उरत नाही. आलेला मेसेज पुन्हा उघडून बघा, त्यात अस्पीचं नाव नाही. ‘एक प्रतिस्पर्धी’ म्हणून मोकळे.

तो ‘एक प्रतिस्पर्धी’ पुढं क्रॅनवेलला गेला. या शर्यतीमुळं त्याला हवाई दलात शिरायला मदत झाली, याचा आनंद जेआरडी पुढं बोलून दाखवत. दुसऱ्या महायुद्धात त्याला डी.एफ.सी. हे शौर्यपदक मिळालं. नोव्हेंबर १९६० मध्ये हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांचं टोकियोत अचानक निधन झालं आणि १ डिसेंबर १९६० ला त्यांच्या जागी आले एअर मार्शल अस्पी इंजिनिअर. १९६१ चा गोवा मुक्तीचा लढा आणि १९६२ चं चीन युद्ध, दोन्ही वेळी हवाई दलाचे प्रमुख तेच होते. २००२ मध्ये मुंबईत ते गेले.

जेआरडींचं तुम्हाला माहीत आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला टपालाची पिशवी घेऊन ते कराचीहून जुहूला आले, तिथून टाटांची विमानसेवा सुरू झाली. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास छोट्या विमानातून पुन्हा केला.

आणि मनमोहन सिंग? दुसऱ्या महायुद्धात तो कॅटालिना जातीच्या समुद्री विमानावर होता. ३ मार्च १९४२ ला ऑस्ट्रेलियात ब्रूमच्या बंदरावर जपानी विमानांनी हल्ला केला, त्यात तो मारला गेला. त्याच्यावर कोणी मेसेज लिहीत नाही.

आता सोलापूर. या तारखा मी वहीत शेजारी शेजारी लिहिल्या तेव्हा जरा थांबलो. जेआरडी ३ मेला निघाले. ४ मेच्या रात्री कराडीला गांधीजींना अटक झाली. ८ मेला सोलापुरात गोळीबार झाला. त्यानंतरचे तीन दिवस, ९, १० आणि ११ मे, सोलापुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. ११ मेला अस्पी कराचीला उतरला आणि १२ मेला सोलापुरात मार्शल लॉ लागला. एकीकडं ‘आम्हालाही उडता येतं’ हे साहेबाला दाखवणं चाललं होतं, दुसरीकडं साहेबच नको म्हणून लोक रस्त्यावर होते. तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात, पण बाजाराला, मजुरीला माणसं सोलापूर-बार्शीला जायची. त्यांच्या कानावर त्या आठवड्यात कोणती बातमी आली असेल, ते वेगळं सांगायला नको. विमानाची नक्कीच नाही.

कोणती बाजू खरी, असं मला विचारू नका. मनमोहनच्या विमानावर हसणारा तो संपादक आणि सोलापूरवर मार्शल लॉ लावणारा साहेब एकाच घरातले होते, एवढंच मी म्हणेन.

जाता जाता, वेळ आहे म्हणून: ठाण्याच्या रेमंड गिरणीचं नाव ज्यांच्याशी जोडलेलं, ते विजयपत सिंघानिया १९८८ मध्ये मायक्रोलाइट विमानातून इंग्लंड ते अहमदाबाद एकटे आले, २३ दिवसांत. अस्पीच्या सतरा दिवसांपेक्षा सहा जास्त. मायक्रोलाइट म्हणजे मॉथहूनही हलकं, त्यामुळं तुलना नको, पण आकडा बघून गंमत वाटली.

परळीच्या दादांना उत्तर मिळालं असेल अशी आशा. ग्रुपवर टाकायचंच असेल तर अस्पीचं नाव आणि लाइफ जॅकेट दोन्ही घालून टाका.

पुढच्या भागात सोलापूरचे ते तीन दिवस, आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चौघं: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांकडून त्या दिवसांबद्दल काही ऐकलेलं असेल, तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. भेटू.