दोऱ्याचे अक्षर: एका कांजीचा मरोळ ते सेवाग्राम इतिहास

१/
मरोळच्या शेजारी, आज दाट वस्तीने वेढलेल्या टेकडीत कोंडिविट्याची बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांना महाकाली लेणी म्हणतात. तेथील चैत्यगृहात गोल दगडी कुटीत स्तूप आहे आणि कुटीच्या भिंतीला दगडी जाळ्या आहेत. अशा लेण्यांमधून राहणारे भिक्षू बुद्धवचने मुखोद्गत करीत. त्या वचनांना पालीत ‘सुत्त’ आणि संस्कृतात ‘सूत्र’ म्हणतात. हा शब्द जपानमध्ये कोणत्या रूपाने गेला आणि विसाव्या शतकात महाराष्ट्रात कोणत्या रूपाने परतला, ते पाहू.

२/
सूत्र म्हणजे दोरा. मराठीत सूत, सुतळी, मंगळसूत्र हे शब्द त्याच कुळातले. विखुरलेली वचने ज्यात ओवली जातात, ते सूत्र. अशी सूत्रे घेऊन बौद्ध भिक्षू मध्य आशियामार्गे चीनमध्ये पोहोचले, तेव्हा अनुवादकांपुढे एक कठीण प्रश्न आला. परक्या शब्दाचा ध्वनी राखावा, की अर्थ?

३/
दोन्ही मार्ग वापरले गेले. ‘सूत्र’चा ध्वनी तीन चिनी अक्षरांत लिहिला गेला, त्याचा जपानी उच्चार ‘शुतारा’. परंतु रूढ झाला तो अर्थानुवाद. त्यासाठी निवडलेले अक्षर चिनी भाषेत ‘चिङ्’ असे उच्चारले जाते. कन्फ्यूशियस परंपरेच्या प्रमाणग्रंथांना आधीपासून हीच संज्ञा होती. बुद्धवचनांना ती लाभली, तेव्हा त्यांना चिनी विद्वानांच्या जगात मानाचे स्थान मिळाले.

४/
या अक्षराची घडण पाहण्यासारखी आहे. डाव्या अंगाला ‘धागा’ दाखवणारे चिन्ह आहे. उजवा भाग मुळात मागावर ताणून बसवलेल्या उभ्या धाग्यांचे चित्र मानला जातो. म्हणजे विणकराच्या भाषेत ‘ताणा’! ताणा स्थिर राहतो आणि बाणा त्यातून ये-जा करतो. त्यावरून ‘जे ढळत नाही ते’, ‘प्रमाण’ आणि पुढे ‘प्रमाणग्रंथ’ असा अर्थविस्तार झाला. भारतात धाग्यावरून ग्रंथाला नाव मिळाले होते. चीनमध्येही ते धाग्यावरूनच मिळाले होते. अनुवादाने या दोन धाग्यांची गाठ बांधली.

५/
चिनी अक्षरे जपानमध्ये ‘कांजी’ झाली. तेथे एका अक्षराचे अनेक उच्चार असतात आणि नव्या विद्यार्थ्याला त्यांचा जाच वाटतो. वास्तविक प्रत्येक उच्चार हा इतिहासाचा एक थर आहे. आपल्या अक्षराचे मुख्य उच्चार तीन: क्यो, केइ आणि हेरु.

६/
‘क्यो’ हा सर्वांत जुना चिनी थर. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरियामार्गे बौद्ध धर्म जपानमध्ये आला. त्या काळात रुजलेल्या, दक्षिण चीनशी जोडल्या जाणाऱ्या उच्चारांना ‘गो-ओन’ म्हणतात. पुढे ६३० पासून जपानी दूतमंडळे तांग दरबारी जाऊ लागली आणि राजधानी चांगआनचे उच्चार घेऊन परतली. ते ‘कान-ओन’, त्यांतला उच्चार ‘केइ’.

७/
दरबाराने नव्या उच्चारांचा आग्रह धरला. तथापि भिक्षूंनी पाठांतरातले जुने उच्चार सोडले नाहीत. म्हणून आजही धर्मग्रंथ म्हटला की ‘क्यो’ आणि व्यवहारातील बहुतेक शब्दांत ‘केइ’: केइकेन म्हणजे अनुभव, केइझाइ म्हणजे अर्थव्यवस्था, केइदो म्हणजे रेखांश. रेखांश म्हणजे पृथ्वीचा जणू ताणाच!

८/
तिसरा उच्चार ‘हेरु’ हा अस्सल जपानी शब्द. अर्थ: काळ सरणे, एखाद्या ठिकाणावरून वा अनुभवातून पार होणे. येथे अक्षर चिनी, पण वाचन जपानी. अशा वाचनाला ‘कुन’ म्हणतात.

९/
आता परतीचा प्रवास. इ.स. ४०६ मध्ये कुमारजीवाने चांगआन येथे ‘सद्धर्मपुण्डरीक सूत्रा’चा चिनी अनुवाद केला. तेराव्या शतकात निचिरेन या जपानी भिक्षूने त्या ग्रंथाच्या नावालाच वंदन करण्याची साधना सांगितली: नमु म्योहो रेंगे क्यो. ‘नमु’ हा आपल्या ‘नमो’चा जपलेला ध्वनी. पुढचे सारे अर्थानुवाद: म्यो म्हणजे अद्भुत, हो म्हणजे धर्म, रेंगे म्हणजे कमळ आणि क्यो म्हणजे सूत्र.

१०/
या परंपरेतील भिक्षू निचिदात्सु फुजिई १९३१ मध्ये भारतात आले आणि १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. मुंबईत वरळीला त्यांच्याच पंथाचे मंदिर आहे. पुढे एक जपानी भिक्षू सेवाग्राम आश्रमात राहू लागला. तो रोज लहानशा ढोलाच्या तालावर हा मंत्र म्हणत असे.

११/
डिसेंबर १९४१ मध्ये जपान ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्या भिक्षूला आश्रमातून नेण्यात आले. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून पत्र लिहिले. जपानला हे अक्षर ज्या देशाने दिले, त्याच चीनवरील आक्रमणाचा त्यांनी त्यात कठोर निषेध केला. त्याच पत्रात या भिक्षूची स्नेहाने आठवण काढली आणि सांगितले की त्याची प्रार्थना व त्याचा ढोल मागे राहिले आहेत; आश्रमाची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना त्यांनीच सुरू होते.

१२/
जपानी आक्रमणाची भीती दारात उभी असताना विदर्भातल्या एका खेड्यात रोज जपानी उच्चारांचा मंत्र म्हटला जात होता. त्याच आश्रमात रोज चरख्यावर सूत काढले जाई आणि त्या सामुदायिक कताईला ‘सूत्रयज्ञ’ म्हणत. हातात सूत आणि ओठांवर ‘क्यो’. दोन्हींचा अर्थ एकच, धागा.

१३/
सेवाग्रामच्या प्रार्थनेत तो मंत्र आजही आहे. जपानी शिकणाऱ्याने हे अक्षर गिरवताना ११ रेघा मोजाव्यात; जुन्या रूपात त्या १३ होत्या. पहिल्या सहा रेघांत धागा पुरा होतो. उरलेल्या पाच म्हणजे त्या जुन्या मागाचे आज उरलेले संक्षिप्त रूप.