भीड, मुर्वत आणि मुद्दा : मराठीतील संयत वाणीच्या शब्दांचा इतिहास

बोलण्यातील संयमासाठी एखाद्या भाषेत कोणते शब्द आहेत आणि ते कोठून आले, हे पाहू लागले म्हणजे तो समाज कोणाकोणापुढे तोंड उघडताना विचार करीत असे याची एक नोंदच हाती लागते. मराठीतील अशी नोंद सातशे वर्षांहून अधिक काळाची आहे. तिच्यात तीन थर दिसून येतात : पहिला धर्मसाधनेचा, दुसरा दरबार व दफ्तर यांचा, तिसरा छापखाना व सभा यांचा. पहिल्या थरात बोलणारा स्वतःला आवरतो, दुसऱ्यात तो वरिष्ठाचा मान राखतो, तर तिसऱ्यात त्याला बरोबरीच्या प्रतिपक्षाशी गाठ घालावी लागते. स्पष्टपणा आणि सौजन्य एकत्र नांदत नाहीत, अशी जी समजूत मराठी समाजात पुष्कळ रूढ आहे, तिचे मूळ भाषेच्या स्वभावात शोधण्याचे कारण नाही. ते या तीन थरांच्या इतिहासात सापडते.

पहिल्या थराचा आधार भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातील वाङ्मय तपाची कल्पना होय. शरीर आणि मन यांच्याबरोबर वाणीलाही तेथे तपाचे स्वतंत्र क्षेत्र मानले आहे. सत्य, प्रिय, हितकर आणि दुसऱ्याला उद्वेग न देणारे, ही वाणीची लक्षणे एकत्र आणण्यात या कल्पनेचे महत्त्व आहे. त्यांतील एकासाठी दुसरे सोडण्याची मुभा तिच्यात नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत ही कल्पना मराठीत उतरली, तेव्हा तिला नवे अंग फुटले. तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना ज्ञानेश्वरांनी अहिंसकाच्या चालण्याचे, पाहण्याचे आणि बोलण्याचे विस्तृत वर्णन केले आहे. वादाचा जोर, उपहास, छळ आणि दुसऱ्याच्या वर्माला हात घालणे यांची गणना त्यांनी वाणीच्या दोषांत केली. बोलणे ही कृती आहे, आणि म्हणून बोलण्यानेही हिंसा घडते, हा विचार येथे मराठीत प्रथमच इतक्या तपशिलाने मांडला गेला असे म्हणावयास हरकत नाही.

यांतील ‘वर्म’ या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. संस्कृत ‘मर्म’ म्हणजे शरीरातील नाजूक जागा. तिच्यापासून मराठीत दोन शब्दकुळे निघाली. दुसऱ्याची दुखरी जागा हेरून बोललेला शब्द ‘वर्मी’ लागतो, तर विषयाची नेमकी जागा हेरून केलेले विवेचन ‘मार्मिक’ ठरते. ज्ञान एकच, उपयोग दोन. आणि भाषेने एकाला दोष तर दुसऱ्याला गुण मानले. संयम म्हणजे काय हे या एका जोडीवरून जितके कळते, तितके पुष्कळ उपदेशांवरून कळत नाही. मार्मिक बोलणाऱ्याला वर्म ठाऊक असते. तो तेथे घाव घालीत नाही, इतकेच.

सतराव्या शतकात रामदासांनी हाच विषय मठातून प्रपंचात आणला. दासबोधातील मूर्खलक्षणांचा समास वाचला, तर मूर्खपणाच्या पुष्कळ खुणा जिभेशी निगडित आहेत असे दिसते. आत्मस्तुती करणे, जेथे तेथे वाद घालणे, न विचारता बोलणे हे आता पापापेक्षा अडाणीपणाचे लक्षण झाले. ‘चातुर्य’ हा शब्द रामदासांच्या हाती लोकव्यवहाराचा शब्द बनला. साधकाचा संयम येथे कारभाऱ्याच्या उपयोगी पडू लागला.

तोपर्यंत दुसरा थर साचू लागला होता. बहामनी आणि त्यानंतरच्या सुलतानशाह्यांच्या दफ्तरांतून फारसी मराठीत आली आणि तिच्याबरोबर ‘अदब’, ‘मुलाहिजा’, ‘मुर्वत’ हे शब्द आले. त्यांचे मूळ अर्थ मोठे उदार होते. अरबीतील ‘मुरुव्वत’ हा ‘मनुष्य’ या अर्थाच्या धातूपासून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ माणूसपण, मनाची उदारता असा आहे. ‘मुलाहिजा’ म्हणजे लक्षपूर्वक पाहणे. उर्दू मुशायऱ्यात कवी श्रोत्यांना ‘मुलाहिजा फर्माइए’ म्हणतो, तेव्हा हा अर्थ अजून जिवंत असतो. मराठीत मात्र माणूसपण आणि अवधान हे दोन्ही अर्थ मागे पडले आणि वरिष्ठापुढे बाळगावयाचा संकोच तेवढा उरला. देशी ‘भीड’ या शब्दाशी त्यांची सोयरीक जमली ती यामुळेच. हिंदी-उर्दूत ‘मुरव्वत’ला स्नेहाचा ओलावा आहे, मराठी ‘मुर्वत’ बहुधा ‘भीड-मुर्वत’ अशा जोडीतच येते.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडिताने सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. दहा वर्गांच्या या कोशाचा रोख मुख्यतः राज्यकारभाराच्या परिभाषेवर होता. पदांची नावे आज्ञेने बदलता येतात. पण मुलाहिजा, अदब, मुर्वत हे शब्द तोपर्यंत लोकांच्या वागणुकीत मुरले होते, आणि ते टिकले.

या काळातील संयमाचा उत्तम नमुना पत्रव्यवहारात मिळतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतील पत्रे चाळली, म्हणजे मायन्याची शिस्त किती कडक होती हे ध्यानात येते. वडिलांस, थोरांस, बरोबरीच्यांस आणि धाकट्यांस लिहिण्याच्या रीती वेगळ्या होत्या. ‘बहुत काय लिहिणे’ या समारोपाने लिहिणारा स्वतःला थांबवीत असे आणि ‘सुज्ञ असा’ म्हणून न लिहिलेला भाग वाचणाऱ्याच्या समजुतीवर सोपवीत असे. पत्र संपले त्या जागी उमटविल्या जाणाऱ्या शिक्क्यालाच ‘मर्यादा’ हे नाव होते. त्यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, हा त्याचा व्यावहारिक हेतू; पण बोलण्याच्या अंताला मर्यादा म्हणणे यात एक संस्कृतीही दिसते.

मात्र याच दफ्तराने आणि न्यायसभेने मराठीला स्पष्टपणाचेही शब्द दिले, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. ‘मुद्दा’ म्हणजे मूळ अरबीत ज्याचा दावा केला ती गोष्ट; फिर्याद करणारा ‘मुद्दई’ आणि पुराव्यादाखल जप्त झालेला ‘मुद्देमाल’ हे त्याच कुळातले. ‘खुलासा’ म्हणजे मूळचे सार. मराठीत तो उलगडा झाला. बाजारानेही आपला वाटा दिला. ‘रोखठोक’ बोलणारा उधारी ठेवीत नाही, आणि शब्द ‘तोलूनमापून’ वापरणाऱ्याच्या हाती तराजू असतो. सारांश, स्पष्टपणा आला तो न्यायसभेतून आणि बाजारातून. आर्जव आले ते दरबारातून. दोन्ही एकाच माणसाला वेगवेगळ्या जागी लागत. त्यामुळे ते एकमेकांचे शत्रू आहेत असे वाटण्याचे कारण अद्याप उत्पन्न झाले नव्हते.

ते कारण एकोणिसाव्या शतकात उत्पन्न झाले. १८३२ मध्ये ‘दर्पण’ निघाले आणि बोलणाऱ्यापुढे अनोळखी वाचकांचा समुदाय उभा राहिला. या समुदायाची भीड कोणी आणि का धरावी? १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात आलेली लोकहितवादींची शतपत्रे आणि १८७४ मध्ये सुरू झालेली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला ही मतांनी एकमेकांच्या विरुद्ध, पण दोहोंनी भीड सोडून लिहिणे हाच लेखकाचा धर्म मानला. ‘निर्भीड’ हे विशेषण वृत्तपत्राचे भूषण झाले. गंमत अशी, की ‘बेमुर्वत’ या शब्दाची घडण जवळजवळ तीच असून तो मात्र शिवीसारखाच राहिला. पूर्वी गुण असलेली भीड आता दुबळेपणा ठरू लागली; ‘भीड भिकेची बहीण’ या जुन्या म्हणीला नवे बळ आले.

राजकारणाने ही फूट पुरी केली. ‘नेमस्त’ हा मुळात नेमाशी नाते सांगणारा, बेताचा, प्रमाणबद्ध अशा अर्थाचा शब्द. काँग्रेसमधील एका पक्षाला तो लागला. पाठोपाठ ‘मवाळ’ आला आणि त्यासमोर ‘जहाल’ उभा राहिला. मवाळ म्हणजे मऊ, जहाल म्हणजे विषासारखे तीव्र. १९०७ च्या सुरत अधिवेशनात पक्ष दुभंगला, तशी शब्दांचीही वाटणी झाली. धोरणाचे भेद स्वभावाच्या विशेषणांनी ओळखले जाऊ लागले आणि मोजून बोलणे म्हणजे कच खाणे असा ग्रह पसरला. वस्तुतः माणसे या वाटणीत बसत नव्हती. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले निवर्तले, तेव्हा त्यांचे आजन्म प्रतिस्पर्धी लोकमान्य टिळक यांनी स्मशानात त्यांच्या देशसेवेचा मोठ्या आदराने गौरव केला. मतभेद न पुसता गुणांचा उच्चार करणारे ते बोलणे कोणत्या सदरात घालावे? मवाळ आणि जहाल या शब्दांजवळ त्याचे उत्तर नाही.

या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही. भीड, अदब, मर्यादा यांचा भार समाजात सारखा वाटलेला नव्हता. महाराला ‘जोहार’ घालावा लागे. उत्तराला मात्र कोणी बांधील नसे. स्त्रीच्या बाबतीत तर ‘मर्यादा’ या शब्दाचा अर्थच बहुधा न बोलणे असा होई. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली ती जळजळीत भाषेत. जोतीराव फुल्यांच्या लेखनाची निबंधमालेने टवाळी केली, तेव्हा युक्तिवादाइतकाच भाषेच्या शुद्धतेचा प्रश्न पुढे करण्यात आला. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या पत्राचे ‘मूकनायक’ हे नावच सांगते, की एका मोठ्या समाजाला प्रथम वाणी मिळवावयाची होती. ज्याला बोलण्याचा अधिकार आहे त्याच्याच मौनाला संयम म्हणता येते. अधिकार नाकारलेल्याचे मौन म्हणजे केवळ मुकेपण होय, आणि त्याच्या पहिल्या शब्दांत आर्जव शोधणे हा अन्यायच. निर्भीडपणाचा विसाव्या शतकात झालेला गौरव या दृष्टीने पाहिला, तर त्यामागील न्याय्य गरज ध्यानी येते.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि मराठी विधिमंडळाची भाषा बनू लागली. तेथे बरोबरीच्या माणसांना एका छपराखाली, नियमांनी बांधून घेऊन भांडावयाचे होते. त्या सभागृहात ‘हरकतीचा मुद्दा’ आणि ‘औचित्याचा मुद्दा’ असे दोन शब्दप्रयोग रूढ झाले. यांपैकी दुसरा विचार करण्याजोगा आहे. ‘औचित्य’ हा काव्यशास्त्रातील शब्द. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने तो काव्याचे जीवित म्हणून प्रतिष्ठित केला. ‘मुद्दा’ हा न्यायसभेतून आलेला अरबी शब्द. एक सांगतो की बोलणे त्या जागी शोभले पाहिजे. दुसरा सांगतो की बोलण्यात काही ठोस दावा असला पाहिजे. रोजच्या कामकाजाच्या गरजेने हे दोन शब्द एका षष्ठीने जोडले गेले, आणि एकोणिसाव्या शतकात तुटलेले नाते, निदान व्याकरणात तरी, पुन्हा जुळले. सभागृहातील आणि सभागृहाबाहेरील वर्तन त्या व्याकरणाला नेहमी जागते असे नाही. परंतु स्पष्ट बोलावयाचे तर मुर्वत सोडावी लागते, असे म्हणणाऱ्याला मराठी भाषेचा आधार घेता येणार नाही. तिच्या कोशात मार्मिक आहे, नेमस्त आहे, आणि मूळ अर्थाने माणूसपण सांगणारी मुर्वतही आहे.