ऐन रोवणीत टिलर बंद पडू नये म्हणून... घरच्या घरी इंजिनची देखभाल कशी करावी?

भंडारा : जिल्ह्यातल्या सातही तालुक्यांत धान हेच मुख्य पीक. पाऊस पडला की सगळ्यांचीच चिखलणी एकदम सुरू होते. पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे झाले की रोवणी लांबवून चालत नाही. रोवणीच्या बाया ठरलेल्या असतात आणि बांधीत पाणी साचलेलं असतं. नेमका त्याच वेळी पॉवर टिलर बंद पडतो. मिस्त्री म्हणतो, "चार दिवसांनी येतो." चार दिवसांत पऱ्हे जून होतात, बाया दुसऱ्याच्या बांधीत जातात आणि नुकसान आपलं होतं.

टिलर बंद पडण्याची बरीचशी कारणं लहान असतात. दोन-तीन पाने, स्वच्छ फडकं आणि थोडं लक्ष, एवढ्यात ती घरीच दूर होतात.

हे इंजिन आहे कसं?

आपल्या देशात पॉवर टिलर आले १९६०च्या दशकात, जपानकडून. बंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीने १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने सुरुवात केली. केरळ सरकारची कॅमको १९७३ ची, तिचं तंत्र कुबोटाचं. आपल्याकडे चिखलणीला चालणाऱ्या मोठ्या टिलरला बहुधा एकाच सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं, आडवं डिझेल इंजिन असतं. डिझेल इंजिनात प्लग नसतो. हवा जोरात दाबली की ती तापते, त्यात नोझलमधून डिझेलचा फवारा जातो आणि पेट घेतो. म्हणजे इंजिनला तीनच गोष्टी लागतात : स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल आणि चांगला दाब. इंजिन सुरू होत नसेल तर या तिघांपैकी काय कमी आहे, तेच शोधायचं.

रोज सकाळी, सुरू करण्याआधी

१. टिलर सपाट जागी उभा करून ऑईलची पट्टी काढा, पुसा, परत घालून बघा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. खूण ओलांडून भरणंही वाईटच.

२. रेडिएटरचं पाणी बघा. बांधीतलं गढूळ पाणी टाकू नका, आत गाळ बसतो. जाळीत चिखल, तणीस अडकलं असेल तर हलक्या पाण्याने धुवा.

३. एअर फिल्टर बघा. तेलाच्या वाटीचा फिल्टर असेल तर वाटीतलं तेल खुणेइतकंच ठेवा. जास्त झालं तर इंजिन ते ओढून घेतं आणि विनाकारण भडकून पळतं. तेल घट्ट, काळं झालं की बदला. मळणीच्या धुळीत हे जास्त वेळा करावं लागतं.

४. व्ही-बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण २ ते ३ सेंटिमीटर दबला तर ठीक. ढिला असेल तर घसरतो आणि जळका वास येतो. फार ताणला तर बेअरिंग खराब होते.

ऑईल कधी बदलायचं?

नव्या मशीनचं पहिलं ऑईल लवकर बदलावं लागतं, पुढे साधारण दर १०० तासांनी. मशीनसोबत मिळालेल्या पुस्तिकेतला आकडा शेवटचा मानावा. ऑईल कोणत्या नंबरचं आणि किती लिटर, हेही त्यातच असतं. इंजिन थोडं गरम असताना ऑईल सोडा, म्हणजे गाळासकट निघतं. तासांचा हिशेब राहत नाही, म्हणून शेडच्या भिंतीवर तारीख आणि तास खडूने लिहून ठेवा.

डिझेल आहे, पण इंजिन घेत नाही

टाकी पूर्ण रिकामी झाली किंवा फिल्टर खोलला की पाइपात हवा शिरते. यालाच आपण "एअर पकडली" म्हणतो. ती काढायची रीत अशी :

टाकीत डिझेल भरा आणि कॉक उघडा. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू थोडा ढिला करा. आधी फेसाळ डिझेल येईल. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू कसा. मग पंपाकडे जाणाऱ्या जोडावर तेच करा. शेवटी नोझलकडच्या पाइपाचा नट थोडा ढिला करून हँडल फिरवा. डिझेल यायला लागलं की नट घट्ट करा. आता कॉम्प्रेशन सोडण्याचा खटका दाबून हँडल फिरवलं की नोझलमधून "कर्र कर्र" आवाज यायला हवा. आवाज आला तर इंजिन बहुधा सुरू होतं.

पुन्हा पुन्हा एअर पकडत असेल तर तांब्याचं वायसर किंवा चिरलेली नळी तपासा. डबक्यातून आणलेलं डिझेल रात्रभर बसू द्या, वरचं तेवढं फडक्यातून गाळून टाका. पाणी जड असतं, ते तळाशी राहतं.

धूर काय सांगतो?

काळा धूर : फिल्टर चोंदला, भार जास्त झाला किंवा नोझल नीट फवारत नाही.
निळा धूर : इंजिन ऑईल जाळतंय. ऑईल जास्त भरलं नसेल तर रिंग झिजल्या असाव्यात.
पांढरा धूर : थंड इंजिनला थोडा वेळ चालतो. गरम झाल्यावरही येत राहिला तर डिझेलमध्ये पाणी असेल किंवा दाब कमी झाला असेल.

चिखलणी संपली की हे विसरू नका

चिखलात चाकाजवळचे आणि रोटरीचे सील झिजतात आणि पाणी आत जातं. टिलर रात्रभर उभा ठेवा. सकाळी गिअरबॉक्सचा खालचा नट थोडासा ढिला करा. आधी पाणी आलं किंवा ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेला समजा. सगळं ऑईल बदला आणि सील टाकून घ्या. वेळेत सील बदलणं स्वस्त पडतं, बेअरिंग आणि गिअर गेले तर खर्च मोठा.

हंगाम संपल्यावर टिलर धुऊन वाळवा, ऑईल नवं भरा. टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत आतून ओल धरते. बेल्ट ढिला करा. हँडल जिथे जड लागतं तिथेच इंजिन थांबवा. त्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि आत दमट हवा जात नाही. उंदीर वायर आणि नळ्या कुरतडतात, म्हणून तणसाच्या ढिगाजवळ टिलर ठेवू नका.

जीव सांभाळून

* हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिनने उलटा झटका दिला तर मनगट मोडू शकतं.
* गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. आधी थंड होऊ द्या.
* नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. त्या दाबाने डिझेल चामडीत घुसतं. जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखान्यात जा.
* पात्यात अडकलेलं गवत इंजिन बंद करूनच काढा. रोटरी चालू ठेवून रिव्हर्स टाकू नका.
* बंद खोलीत इंजिन चालवू नका. धुरातला विषारी वायू कळत नाही.
* दुपट्टा, लुंगी, पदर बेल्टपासून दूर. लहान पोरांना टिलरवर बसवू नका.

मिस्त्रीकडे कधी?

पंपाची सेटिंग, नोझलचा दाब, व्हॉल्व्हची फट आणि रिंग-लायनरचं काम घरी करू नये. त्याला मोजमापाची साधनं लागतात. इंजिनमध्ये ठोक्यासारखा आवाज आला तर त्याच क्षणी बंद करा. "एवढी एक बांधी होऊ दे" म्हणून चालवलं तर किरकोळ काम मोठं होतं.

हे सगळं तपासायची खरी वेळ मे महिना. तेव्हा मिस्त्री मोकळा असतो, सामान मिळतं आणि बिघाड निघाला तरी हातात दिवस असतात. एक बेल्ट, एक डिझेल फिल्टर आणि मूठभर तांब्याचे वायसर आताच घरी आणून ठेवा. मृग लागल्यावर दुकानासमोर रांग असते.