शिखरावरचा सोबती

शिरूर कासार हें बीड जिल्ह्यांतील गांव सिंदफणा नदीच्या काठीं वसलेलें आहे. येथून प्रवाहाच्या उलट दिशेनें निघालें, तर वाट पाटोदा तालुक्यांतील चिंचोलीच्या डोंगरांकडे, म्हणजे नदीच्या उगमाकडे जाते. तेथेंच गहिनीनाथगड आहे. पुढें बालाघाटाची धार पश्चिमेस धरली, कीं मच्छिंद्रनाथाचा मायंबा लागतो, आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत शिरल्यावर मढीचे कानिफनाथ. त्यांच्या यात्रेंतला गाढवांचा बाजार नाथांच्या समाधीइतकाच प्रसिद्ध आहे. या साऱ्या डोंगरांस गर्भगिरि म्हणतात. कळसूबाईच्या ५,४०० फुटांपुढें हीं टेकाडेंच. परंतु दोन दिवसांची सवड काढून सोबत्यासह हा डोंगर तुडविणाऱ्यास येथें आणखी एक जोडी भेटते.

ती जोडी मच्छिंद्र-गोरक्षांची. स्त्रीराज्यांतून परततांना गुरूच्या झोळींत सोन्याची वीट होती. रानांतून चालतांना ‘येथें भय तर नाहीं ना?’ असें गुरु पुनःपुन्हां विचारूं लागले. जोग्याला भय कसलें, याचा शिष्यास उलगडा होईना. गुरु दृष्टीआड होतांच त्यानें झोळी चांचपली, वीट फेंकून दिली आणि तिच्या जागीं दगड ठेवला. मग पुन्हां तोच प्रश्न आला, तेव्हां भय मागें राहिलें, एवढेंच तो म्हणाला. खरें कळल्यावर गुरु रागावले, आणि शिष्यानें मंत्रबळानें डोंगरच सोन्याचा करून दाखविला. चमत्कार बाजूस ठेवला तरी, गुरूच्या झोळींत हात घालण्याचें धैर्य उरतेंच, आणि तें चमत्काराहून मोठें वाटतें.

ही कथा महाराष्ट्राच्या घरोघरीं पोहोंचविली ती धुंडिसुत मालूच्या ‘नवनाथ भक्तिसार’ ग्रंथानें. तो शके १७४१, म्हणजे इ. स. १८१९ चा. नांवें मात्र फार जुनीं आहेत. इ. स. १००० च्या सुमारास काश्मिरांत अभिनवगुप्तानें आपल्या तंत्रालोकांत मच्छंदाचा निर्देश केला. १२९० मध्यें ज्ञानेश्वरांनीं मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ति अशी आपली परंपरा सांगितली. तेव्हां माणसें जुनीं, पण विटेची कथा आज आपण ज्या रूपांत ऐकतों तें रूप बरेंच अलीकडचें.

असाच पेंच युरोपांतल्या एका चढाईविषयीं पडतो. पेत्रार्क या इटालियन कवीनें २६ एप्रिल १३३६ रोजीं आपला भाऊ गेरार्दो यासह फ्रान्सांतील व्हांतू हा सहा हजार फुटांवरचा डोंगर चढला, असें त्याचें पत्र सांगतें. केवळ पाहण्याच्या हौसेनें केलेली चढाई म्हणून तिचा गौरव होतो. सोबतीस कोण न्यावें, या विचारांत त्यानें एकेक मित्र मनांत तोलला होता: कोणी फार मंद, कोणी फार चपळ, कोणी फार उदास, कोणी फार आनंदी! शेवटीं भाऊच बरा ठरला. वाटेंत एका वृद्ध मेंढपाळानें परत फिरा म्हणून विनविलें. भाऊ सरळ कड्याची वाट धरी. कवि सोपी वाट शोधीत दऱ्यांत उतरे आणि दुप्पट दमे. शिखरावर त्यानें संत ऑगस्टिनचें पुस्तक उघडलें. माणसें पर्वतांचें कौतुक करतात आणि स्वतःकडे पाहत नाहींत, हाच अर्थ समोर आला आणि खालीं उतरेपर्यंत कवि मुका झाला.

जेवण तयार होईपर्यंत सरायींत बसून हें पत्र त्याच दिवशीं लिहिलें, असें तो म्हणतो. तें खरें नसावें. पत्राचा आजचा मजकूर १३५३ च्या सुमारासचा असावा, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. दरम्यान १३४३ मध्यें गेरार्दो कार्थुसियन मठांत दाखल झाला होता. सरळ वाटेनें चढणारा भाऊ हें चित्र त्यानंतरच रंगविलें असावें. तरीहि आपल्याच फजितीची हकीकत अशी मोकळेपणानें लिहिणें सोपें नव्हे.

गेरार्दोचें म्हणणें काय होतें, तें आपणांपर्यंत पोहोंचलेलें नाहीं.