जुन्या चित्रकथांतील कृष्णवर्णीय नायक आणि सोबती : कोको, लोथार ते भीमायन

युरोप-अमेरिकेतील जुन्या चित्रकथांमध्ये, म्हणजे ज्यांना आपण सरसकट कॉमिक्स म्हणतो त्यांमध्ये, कृष्णवर्णीय माणूस बहुतेक वेळा नायकाच्या मागे उभा दिसतो. तो ताकदवान असतो, इमानदार असतो, जिवाला जीव देतो; पण गोष्ट त्याची नसते. अशा पात्राला या लेखात आम्ही 'सोबती' म्हटले आहे. हे सोबती कोण होते, ते मराठी घरांत कसे पोहोचले, त्यांच्यात कालांतराने काय बदल झाला आणि आंबेडकरी वाचकाने त्यांच्याकडे कसे पाहावे, याची माहिती येथे एकत्र दिली आहे.

हा विषय आपल्याला परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. पुस्तकांतून आणि चळवळीतून जुळलेले हे नाते मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत मात्र फार उशिरा पोहोचले.

युरोपातील सोबती

सर्वांत गाजलेले आणि सर्वांत वादग्रस्त उदाहरण बेल्जियमचे आहे. एर्जे या चित्रकाराची 'टिनटिन काँगोमध्ये' ही कथा १९३०-३१ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तेव्हा काँगो ही बेल्जियमची वसाहत होती. कथेत टिनटिनबरोबर कोको नावाचा काँगोली मुलगा नोकर म्हणून फिरतो. जाड ओठ, मोडकी भाषा आणि गोऱ्या पाहुण्यापुढे वाकणारी गावे, अशी त्या कथेतील काँगोची चित्रे आहेत. १९४६ साली एर्जेने पुस्तक नव्याने रंगीत काढले. मूळ कथेत टिनटिन काँगोली मुलांना 'तुमचा देश बेल्जियम' शिकवतो. नव्या आवृत्तीत त्या जागी गणिताचा तास आला. धडा बदलला, पण मुलांचे चेहरे तसेच राहिले. २००७ मध्ये बेल्जियममध्ये राहणाऱ्या एका काँगोली नागरिकाने या पुस्तकाविरुद्ध तक्रार केली. २०१२ मध्ये ब्रुसेल्सच्या न्यायालयाने ती फेटाळली. वाद मात्र संपला नाही.

बेल्जियममधलीच दुसरी जोडी म्हणजे चित्रकार जिजे यांची 'ब्लोंदँ आणि सिराज'. ती १९३९ मध्ये सुरू झाली. एक मुलगा गोरा, दुसरा काळा. गोऱ्याच्या नावात त्याच्या सोनेरी केसांचा उल्लेख आहे. काळ्याचे नाव 'सिराज', म्हणजे फ्रेंच भाषेत बुटाचे पॉलिश. यातली विसंगती अशी की कथांमध्ये सिराज पुष्कळदा अधिक हजरजबाबी आणि चलाख असतो. म्हणजे लेखकाला त्या मुलाची अक्कल दिसत होती, तरीही नाव मात्र त्याच्या कातडीवरूनच ठेवले गेले. आपल्याकडे जातीवरून, कामावरून आणि रंगावरून पडलेली हेटाळणीची नावे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

फ्रान्समध्ये १९५९ साली 'पिलोत' या साप्ताहिकात 'लाल दाढी' या समुद्री चाच्याची मालिका सुरू झाली. त्याच्या जहाजावर बाबा नावाचा धिप्पाड आफ्रिकी खलाशी आहे. पुढे 'ॲस्टरिक्स'मध्ये याच टोळीची थट्टा करण्यात आली आणि डोलकाठीवर बसून टेहळणी करणारा काळा चाचा त्यात आला. फ्रेंच मूळ आवृत्तीत त्याला 'र' उच्चारता येत नाही आणि हाच त्याच्यावरचा कायमचा विनोद आहे. मालिका कितीही चतुर असली, तरी या पात्राला पिढ्यान्‌पिढ्या तेवढेच काम मिळाले.

नेदरलँड्समधील 'श्योर्स आणि शिमी' ही मालिका मात्र बदलाचे उदाहरण म्हणून लक्षात ठेवावी. सुरुवातीचा शिमी हा मोठ्या ओठांचा, मोडके बोलणारा हास्यपात्र मुलगा होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस यान क्रुइस या चित्रकाराकडे मालिका आली आणि शिमी साधा, शेजारच्या घरातला वाटावा असा मुलगा झाला. तो नीट बोलू लागला आणि मित्राच्या बरोबरीने खोड्या करू लागला. पात्र तेच, नाव तेच. फक्त काढणाऱ्याची नजर बदलली. म्हणून 'तो काळच तसा होता' हे उत्तर पुरेसे ठरत नाही. काळ बदलायच्या आधी कोणीतरी पेन्सिल वेगळी धरावी लागते.

मराठीत आलेले लोथार आणि बांडार

टिनटिन आणि ॲस्टरिक्स आपल्याकडे बराच काळ इंग्रजीतूनच, तेही शहरातील मोजक्या घरांत आले. गावोगावी पोहोचले ते 'इंद्रजाल कॉमिक्स'. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद झाली. तिच्या मराठी आवृत्तीतून 'वेताळ' आणि 'जादूगार मॅन्ड्रेक' घराघरांत गेले. दोन्ही पात्रे अमेरिकन लेखक ली फॉक यांची; मॅन्ड्रेक १९३४ चा, वेताळ १९३६ चा. शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांत असे अंक स्टेशनवरच्या स्टॉलवर, एसटी स्टँडवर, रद्दीच्या दुकानात किंवा शाळासोबत्यांच्या अदलाबदलीतून मिळत. एक अंक दहा हातांतून फिरे.

मॅन्ड्रेकचा सोबती लोथार. तो आफ्रिकेतील राजपुत्र; पण राज्य सोडून एका जादूगाराची पाठराखण करतो. सुरुवातीच्या कथांत तो बिबट्याचे कातडे आणि तुर्की टोपी घालतो आणि तुटक इंग्रजी बोलतो. मूळ चित्रकार फिल डेव्हिस यांच्या निधनानंतर १९६५ पासून फ्रेड फ्रेडरिक्स यांनी चित्रे काढली, तेव्हा लोथारचे कपडे, भाषा आणि मान तिन्ही बदलले. तो मित्र झाला. मराठी वाचकांपैकी अनेकांना हाच दुसरा लोथार आठवतो, आणि त्याच्यावर मुलांनी मनापासून प्रेम केले. तरीही अंकाच्या नावात मॅन्ड्रेकच राहिला.

वेताळाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्याच्या जंगलात बांडार नावाची बुटक्या, विषारी बाण वापरणाऱ्या लोकांची टोळी राहते. गुरन हा त्यांचा मुखिया. दंतकथेनुसार बांडार हे दुसऱ्या टोळीचे गुलाम होते आणि पहिल्या वेताळाने त्यांना सोडवले. त्याबदल्यात ते पिढ्यान्‌पिढ्या त्याची राखण करतात. मूळ इंग्रजी अक्षरांत टोळीचे नाव 'बंदर' असेच वाचता येते. भारतीय आवृत्तीत 'बेंगाली' या प्रदेशाचे 'डेंकाली' झाले आणि 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले, कारण येथील वाचक दुखावला जाऊ नये. बांडार मात्र होते तसेच राहिले. पुढे याच मालिकेत लुआगा हा डॉक्टर असलेला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष आला, ही जमेची बाजू.

या कथेतील खरी अडचण चित्रांपेक्षा तिच्या रचनेत आहे. गुलामाची मुक्ती बाहेरून आलेल्या गोऱ्या माणसाच्या हातून होते आणि मुक्त झालेल्याने त्याचे ऋण चारशे वर्षे फेडायचे असते. बाबासाहेबांनी आपल्याला याच्या नेमके उलटे शिकवले. मुक्ती ही कोणी दिलेली देणगी नाही, ती स्वतः मिळवायची आहे.

नायक झाल्यावरही लेखणी कोणाची?

१९६० नंतर कृष्णवर्णीय नायक हळूहळू पुढे आले. अमेरिकेत जुलै १९६६ मध्ये 'ब्लॅक पँथर' हे पात्र आले. ब्लॅक पँथर पक्ष त्यानंतर ऑक्टोबरमध्ये स्थापन झाला आणि त्याचे नाव या कॉमिक्सवरून आलेले नाही. इटालियन चित्रकार ह्यूगो प्रात यांच्या 'कॉर्तो माल्तेसे' मालिकेत १९७० च्या दशकात कुश नावाचा आफ्रिकी योद्धा येतो. तो कॉर्तोशी वाद घालतो, स्वतःच्या श्रद्धेवर ठाम राहतो आणि कोणाचा नोकर नसतो. १९७५ मध्ये 'पॉवरमॅन' हा कृष्णवर्णीय महानायक खास नायजेरियातील वाचकांसाठी तयार झाला. पण तो लिहिणारे आणि काढणारे ब्रिटिश होते.

याच्या शेजारी दोन वेगळे प्रयत्न ठेवून पाहावेत. १९४७ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी कृष्णवर्णीय चित्रकारांना घेऊन 'ऑल-निग्रो कॉमिक्स' काढले. त्याचा एकच अंक निघू शकला. १९५७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि मॉन्टगोमेरी बस बहिष्काराची गोष्ट सांगणारे छोटे कॉमिक्स निघाले आणि ते अहिंसक लढ्याचे शिक्षण देण्यासाठी वाटले गेले. त्यात महानायक नाही. बसमध्ये उठायला नकार देणारी बाई आणि पायी कामावर जाणारे लोक आहेत.

आपल्या मातीतला हबशी नायक

आफ्रिकी नायक शोधायला मराठी माणसाला जंगलातल्या कवटी गुहेत जायची गरज नाही. शिरूरजवळ घोड नदी ओलांडली की जुना नगर जिल्हा लागतो. दौंडहून रेल्वेचा फाटा तिकडेच जातो. त्या नगरच्या निजामशाहीचा कारभार मलिक अंबरने चालवला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस वजीर झाला. त्याने खडकी हे शहर वसवले, जमीन महसुलाची घडी बसवली आणि १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूर यांच्या फौजांचा पराभव केला. १६२६ मध्ये त्याचे निधन झाले. हबशी माणूस आपल्या ऐतिहासिक गोष्टींत बहुधा 'सिद्दी' या शत्रूच्या रूपात येतो. शिवाजी महाराजांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल क्वचितच आठवला जातो.

सोबत्याचा साचा आपल्याकडेही आहे. पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांच्या वेशात मृत्यूला सामोरे गेलेले शिवा काशीद, प्रतापगडावरचे जिवा महाला ही बहुजन समाजातील माणसे बालवाचनात एका प्रसंगापुरती येतात. त्यांचे शौर्य मोठेच आहे. पण त्यांचे घर, त्यांचा निर्णय आणि त्यांच्यामागे राहिलेल्यांचे जगणे चित्राच्या चौकटीत येत नाही.

आपल्या चित्रकथा

'अमर चित्र कथा'ने १९७९ मध्ये बाबासाहेबांवर अंक काढला. २०११ मध्ये नवयान प्रकाशनाने दोन महत्त्वाची पुस्तके आणली. 'भीमायन'ची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची आहेत. त्यात नेहमीचे चौकोन नाहीत. जिव्हारी लागणाऱ्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे आणि मायेच्या शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे. दुसरे पुस्तक श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन यांचे, फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर आधारलेले. जात आणि वर्णभेद यांचा संबंध त्यात चित्रांतून उलगडतो.

पुस्तक हाती घेताना

मुलांना जुनी कॉमिक्स वाचू देऊ नयेत, असे आम्ही म्हणत नाही. ती वाचावीत, मोठ्यांनी सोबत बसून वाचावीत आणि पाच प्रश्न विचारावेत.

१. या माणसाला स्वतःचे नाव आहे का, की रंगावरून किंवा कामावरून ठेवलेले आहे?
२. त्याची भाषा कशी आहे? मराठी अनुवादात कोण कोणाला 'अरे' म्हणतो आणि कोण कोणाला 'अहो'?
३. त्याला घर, आईवडील, पगार आहे का?
४. संकटातून सुटका कोण करतो? तो स्वतः, की दुसरा कोणी?
५. ही गोष्ट लिहिली आणि काढली कोणी?

नावाचा प्रश्न पहिला ठेवला त्याला कारण आहे. कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यात आहे आणि नदीपलीकडे पेरण्याला जयस्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत, त्यांत 'नाक' हा प्रत्यय असलेली महार सैनिकांची नावेही आहेत. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे आले. लोक आजही लाखोंनी येतात, बोट ठेवून ती नावे वाचतात आणि परतताना पुस्तकांच्या स्टॉलवरून पुस्तके घेतात. दगडावरची ही नावे जपली गेली म्हणून त्या माणसांना कोणाच्या मागे उभे करता आले नाही.

त्या स्टॉलवर आणि शिरूर-दौंडच्या विहारांतील कपाटांत मुलांसाठी चित्रांची पुस्तके अजून फार थोडी आहेत. चित्र काढणारी मुलेमुली मात्र प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांच्या हातात कागद देणे आणि त्यांच्या आजी-आजोबांची गोष्ट चौकटीत मांडायला सांगणे, एवढे काम कोणत्याही विहाराला या रविवारपासून करता येईल.