पेटी केवढी घ्यावी?

गावच्या शाळेसाठी किंवा भजनी मंडळासाठी पेटी घ्यायचे ठरले, की वर्गणी जमते, दोघे-तिघे जाणते लोक तालुक्याच्या गावी जातात, आणि दुकानदार विचारतो, “किती सप्तकांची देऊ? तीन, सव्वातीन की साडेतीन?” इथे पुष्कळांची गाडी अडते. मग कुणीतरी म्हणतो, “घेतोच आहोत, तर मोठीच घेऊ!” श्रोतेहो, बैलजोडी घेताना आपण आधी आपली जमीन पाहतो. पेटी घेतानाही तेच करायला हवे. आणि त्यासाठी आजची पेटी लहान का झाली, हा इतिहास ठाऊक असलेला बरा.

पेटीचे माहेर फ्रान्स. 1840 च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें या कारागिराने आपल्या वाद्याला ‘हार्मोनियम’ हे नाव देऊन त्याचे हक्क नोंदवले. ते वाद्य म्हणजे टेबलाएवढे लाकडी कपाटच. वाजवणारा खुर्चीवर बसे, दोन्ही पायांनी भाता चालवी, आणि त्याचे दोन्ही हात मोकळे राहत. साहेबाच्या संगीतात उजवा हात चाल वाजवतो आणि डावा हात त्याच वेळी खालचे जोडस्वर देतो. दोन हातांना दोन कामे, म्हणून जागाही ऐसपैस लागे. त्या पेटीची पाच सप्तके असत, पट्ट्या 61. आज बाजारात विजेवर चालणारे जे कीबोर्ड मिळतात, त्यांतही हा 61 चा आकडा पुष्कळदा दिसतो.

मिशनरी आणि साहेबलोक यांच्याबरोबर ही पायपेटी हिंदुस्थानात आली. पण आपला गवई बसतो जमिनीवर, बैठकीवर! त्याच्याशेजारी खुर्ची मांडून कोण बसणार? कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास यावर तोड काढली. पाय काढून टाकले, भाता पेटीच्या पाठीमागे बसवला आणि तो डाव्या हाताने हलवण्याची सोय केली. ‘द्वारकिन’ या त्यांच्या पेढीचे नाव मग सर्वत्र झाले.

आता गंमत पाहा. डावा हात भात्यात गुंतला, म्हणजे वाजवायला राहिला एकटा उजवा. पियानोच्या मापाने एका सप्तकाला सुमारे साडेसोळा सेंटिमीटर जागा लागते. पाच सप्तकांचा पट झाला जवळजवळ 85 सेंटिमीटरचा. मांडी घालून बसलेल्या माणसाने एक हात भात्यावर ठेवून दुसरा एवढ्या लांब पोचवायचा कसा? शिवाय दुहेरी सुरांच्या पेटीत प्रत्येक पट्टीखाली दोन सूर बसवावे लागतात. 61 पट्ट्यांना 122 सूर, 37 पट्ट्यांना 74. तेवढे वजन कमी, तेवढा खर्च कमी, आणि जुळवणीची कटकटही कमी. म्हणून पेटी आखडली आणि तीन ते साडेतीन सप्तकांवर स्थिरावली.

पण एवढ्यात आपले गाणे मावते का? चला, हिशेबच करू. एका सप्तकात बारा स्वर. गाणारा मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत फिरला, तर त्याला दोन सप्तके, म्हणजे शेवटची पट्टी धरून 25 पट्ट्या पुरतात. पण एकाचा षड्ज काळी एक, दुसऱ्याचा पांढरी दोन, बायकामुलांचा काळी चार किंवा काळी पाच. बारांपैकी कोणत्याही पट्टीला षड्ज धरायची सोय हवी असेल, तर आणखी 11 पट्ट्या लागतील. बेरीज झाली 36. आणि तीन सप्तकांच्या पेटीत 22 पांढऱ्या आणि 15 काळ्या मिळून पट्ट्या असतात 37! म्हणजे आपल्या गळ्याचा सारा व्यवहार तीन सप्तकांत बसतो. साडेतीनच्या पेटीत साधारण 42 पट्ट्या येतात. त्या वरच्या चार-पाच पट्ट्या स्वतंत्र वादन करणाऱ्याला उपयोगी, शाळेतल्या प्रार्थनेला नव्हेत.

मग मोठी पेटी वायाच गेली का? तसे नाही. मराठी रंगभूमीवर तिची गरज होती. 1913 साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत पायाने चालवायचा ऑर्गन बालगंधर्वांच्या साथीला असे. ध्वनिक्षेपकाशिवाय सारे नाट्यगृह स्वराने भरायचे, तर दोन्ही हात आणि भरपूर हवा हवीच. कामाप्रमाणे वाद्य, हा न्याय तिथेही होता.

एक भ्रम मात्र काढून टाका. पेटी मोठी घेतल्याने तिची उणीव भरून निघत नाही. पट्टीचा स्वर ठरलेला; दोन पट्ट्यांमधली मींड किंवा श्रुती तिच्यातून निघत नाही. याच आक्षेपावरून 1940 साली नभोवाणीवर पेटीला बंदी झाली आणि ती सैल व्हायला 1971 साल उजाडले. तो आक्षेप पाच सप्तकांच्या पेटीलाही तितकाच लागू आहे. म्हणूनच गुरुजींनी मुलांना पट्टीवर बोट ठेवून गायला शिकवताना मधूनमधून पेटी बंद करून तंबोऱ्यावर गाऊन घ्यावे.

तर मंडळी, दुकानात जाल तेव्हा गाणाऱ्या एका माणसाला बरोबर न्या. त्याला षड्ज लावायला सांगा, मग अगदी खालचा आणि अगदी वरचा स्वर काढायला लावा, आणि मधल्या पट्ट्या मोजा. तेवढ्या पट्ट्या असल्या की झाले. उरलेले पैसे चांगल्या सुरांवर आणि न गळणाऱ्या भात्यावर खर्च करा. दहा वर्षांनी पेटी तितकीच गोड वाजली, तर वर्गणी देणारा प्रत्येक जण तुम्हाला दुवा देईल.