सोन्याची वाट कोणाच्या पायांनी झिजली?



ऑक्टोबर हा पवित्र जपमाळेचा महिना. याच महिन्यात, १२ तारखेला, ब्राझील देशात आपारेसिदा मातेचा सण असतो. फातिमा, लूर्द आणि वेलांकणी माता आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. आपारेसिदा मातेचे नाव मात्र आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही. या मातेची कथा जंगलातून जाणाऱ्या एका जुन्या व्यापारी वाटेशी जोडलेली आहे, आणि त्या वाटेवरचा एक मोठा माणूस पुढे थेट आपल्या गोव्यात, पेडणे तालुक्यात येऊन पोहोचतो. म्हणून या महिन्यात आम्ही त्या वाटेविषयी लिहायचे ठरवले.

ब्राझीलच्या किनाऱ्यावर, रिओ दे जानेरो आणि साव पाउलो या दोन महानगरांच्या मध्ये पाराती नावाचे छोटे बंदर आहे. गावाच्या पाठीशी आपल्या सह्याद्रीसारखाच डोंगर उभा आहे. त्याचे नाव सेरा दो मार, म्हणजे समुद्राचा डोंगर. त्यावर दाट वर्षावन आहे. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावर एके काळी सलग पसरलेल्या या अरण्याचा आज थोडाच अंश उरला आहे. पाराती आणि आसपासच्या प्रदेशाला युनेस्कोने २०१९ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ती देताना तिथला इतिहास आणि तिथले अरण्य या दोहोंचा एकत्र विचार केला गेला.

या अरण्यात एक फरसबंद वाट आहे. तिला 'सोन्याची वाट' म्हणतात. आज देशोदेशीचे पर्यटक स्थानिक वाटाड्यांबरोबर तिचा काही भाग चालतात. वाटाडे झाडे दाखवतात, पक्ष्यांचे आवाज ओळखायला शिकवतात, ओल्या दगडावर पाय कसा ठेवायचा ते सांगतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी डोळ्यांसमोर एखादी शेवाळलेली पाखाडी आणावी, म्हणजे ती वाट कशी असेल हे कळेल. वेगवेगळ्या आकाराचे ओबडधोबड दगड एकमेकांत बसवून ती बांधली आहे. पावसाच्या प्रदेशात मातीची वाट टिकत नाही. लादलेली खेचरे चिखलात रुतून बसतात. म्हणून दगड घालावे लागले.

अशा फरसबंदीला तिथे 'पे द मोलेकी' म्हणतात. याच नावाची शेंगदाणे आणि गूळ घालून केलेली एक मिठाईही तिथे मिळते, अगदी आपल्या चिक्कीसारखी. शब्दाचा अर्थ मात्र गोड नाही. 'पे' म्हणजे पाय आणि 'मोलेकी' म्हणजे पोरगा. 'मोलेकी' हा आफ्रिकेतल्या भाषेतून आलेला शब्द गुलामांच्या पोरांसाठी वापरला जाई. दगडांच्या नावातच त्या पोरांचे पाय राहून गेले आहेत.

ही वाट मुळात पोर्तुगीजांची नव्हती. किनाऱ्यावरून डोंगरापलीकडे जायला तिथल्या मूळ रहिवाशांची पायवाट होती. १६९०च्या दशकात आतल्या डोंगराळ प्रदेशात सोने सापडले. त्या प्रदेशाला पुढे मिनास जेराइस, म्हणजे 'सर्वत्र खाणी', असे नाव पडले. मग जुन्या पायवाटेचा राजमार्ग झाला. पारातीहून डोंगर चढायचा, कुन्यामार्गे पाराइबा नदीच्या खोऱ्यात गुआरातिंगेता गावी उतरायचे, तिथून दुसरी डोंगररांग ओलांडून खाणींपर्यंत जायचे. खेचरांचे तांडे वर जाताना मीठ, कापड, हत्यारे आणि उसाची दारू नेत. खाली येताना सोने आणत. पारातीच्या बंदरातून ते सोने जहाजाने रिओला आणि तिथून लिस्बनला जाई.

वर जाणाऱ्या मालात आणखी एक 'माल' असे, तो म्हणजे माणसे. आफ्रिकेतून आणलेले स्त्रीपुरुष याच वाटेने खाणींकडे चालवत नेले जात. या वाटेवरचे दगडही गुलामांनीच वाहिले आणि बसवले. येथे आपण ख्रिस्ती म्हणून एक गोष्ट सरळ मान्य केली पाहिजे. त्यांना विकत घेणारे ख्रिस्ती होते. अनेकांना बेड्यांतच स्नानसंस्कार दिला गेला. धर्मगुरूंच्या आणि मठांच्या मालकीचेही गुलाम होते. हे सांगितल्याने आपली श्रद्धा दुबळी होत नाही. हे लपवले तर मात्र ती खोटी पडते.

खाणीतल्या सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा असे. तो चुकवायचे अनेक मार्ग लोकांनी शोधले. त्यातला एक मार्ग ब्राझीलच्या लोककथांत अजून जिवंत आहे. संतांचे लाकडी पुतळे आतून पोकळ करायचे, त्यात सोन्याची भुकटी भरायची आणि नाक्यावरून पुढे जायचे. संताच्या पुतळ्याची झडती घ्यायला शिपाई कचरत. असे नेमके किती घडले यावर इतिहासकारांत वाद आहे. पण पोर्तुगीज भाषेत वाक्प्रचार कायमचा राहिला: ढोंगी माणसाला ब्राझीलमध्ये आजही 'पोकळ लाकडाचा संत' म्हणतात. आपल्या भाषेतल्या 'बगळाभगत'पेक्षा हा शब्द आपल्याला अधिक टोचायला हवा, कारण तो आपल्याच वेदीवरून उचलला आहे.

राजाचा संशय संघीय धर्मगुरूंवरही होता. साधू सोने लपवून नेतात म्हणून खाणींच्या प्रदेशात संन्यस्त संघांना राहायला बंदी घालण्यात आली. मठ नाहीत, आणि प्रदेश तर अफाट. मग श्रद्धा कोणी सांभाळली? प्रापंचिकांनी. गोव्यात ज्यांना आपण कॉन्फ्रारी म्हणतो, तशी मंडळे तिथे गावोगाव उभी राहिली. त्यांनी चर्चेस बांधली, सण साजरे केले, मेलेल्यांना पुरले. गुलामांचीही मंडळे होती, बहुतेक जपमाळेच्या मातेच्या नावाने. जवळ पैसा नसलेली ही माणसे नाणे नाणे जमवत. त्यातून एखाद्या भावाला सन्मानाने मूठमाती मिळे. कधी कधी त्यातूनच एखाद्याचे स्वातंत्र्य विकत घेतले जाई.

पारातीत आजही याच्या खुणा दिसतात. सांता रिताचे चर्च १७२२ सालचे. ते गुलामगिरीतून सुटलेल्या मिश्रवंशीय लोकांचे होते. जपमाळेच्या मातेचे आणि संत बेनेदिक्त यांचे चर्च १७२५ सालचे, गुलामांनी गुलामांसाठी बांधलेले. हे संत बेनेदिक्त सिसिली बेटावर आफ्रिकी गुलामांच्या पोटी जन्मले होते. १८०० साली दुःखी मातेचे चर्च झाले, ते वरच्या घराण्यांतल्या गोऱ्या स्त्रियांसाठी. एवढ्याशा गावात एकाच प्रभूची इतकी घरे उभी राहिली, कारण त्याच्या लेकरांना एका बाकावर बसायचे नव्हते.

हे वाचून 'ते गोरे कसे होते पहा' असे म्हणण्याआधी थोडे थांबू या. आपल्याकडे जात स्नानसंस्काराच्या पाण्याने धुतली गेली का? कॉन्फ्रारीत कोणाला घ्यायचे, मिरवणुकीत कोणता अंगरखा कोणी घालायचा, सणाचा मान कोणत्या घराकडे असायचा, यावरून आपल्या चर्चेसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. सोयरीक जुळवताना आजही आपण काय विचारतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

आता आपारेसिदा मातेकडे येऊ. १७१७ साली साव पाउलो आणि मिनास प्रांतांचे नवे गव्हर्नर, असुमारचे काउंट दों पेद्रो द आल्मेइदा, खाणींकडे निघाले होते. त्यांचा मुक्काम गुआरातिंगेताला पडणार होता. एवढ्या मोठ्या पाहुण्याला मेजवानी हवी, म्हणून कोळ्यांना मासे आणायचा हुकूम झाला. दोमिंगोस गार्सिया, जुआंव आल्व्हेस आणि फिलिप पेद्रोसो हे तिघे पाराइबा नदीत उतरले. जाळी रिकामीच येत राहिली. मग एका फेकीत जाळ्यात मातीची एक छोटी मूर्ती आली. तिला शीर नव्हते. पुढच्या फेकीत शीर आले. ती निष्कलंक मातेची मूर्ती होती, गाळाने काळवंडलेली. त्यानंतर मासे इतके लागले की होडीला भार झाला, असे परंपरा सांगते. गालीलच्या सरोवरावर रात्रभर राबून रिकाम्या हातांनी परतलेल्या पेत्राची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही.

मेजवानी झाली. काउंट पुढे निघून गेले. मूर्ती मात्र फिलिप पेद्रोसोच्या झोपडीत राहिली. शेजारीपाजारी तिथे जपमाळेसाठी जमू लागले. कितीतरी वर्षे तिला चर्च नव्हते, होते ते एका कोळ्याचे घर. १७४५ साली तिच्यासाठी चॅपेल झाले. एका गुलामाने तिच्यासमोर प्रार्थना केली आणि त्याच्या बेड्या गळून पडल्या, अशी कथा तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. १९३० साली पोप अकरावे पायस यांनी तिला ब्राझीलची आश्रयदाती म्हणून घोषित केले. आज तिच्या महामंदिरात लाखो यात्रेकरू येतात.

त्याच १७१७ साली, नोव्हेंबरमध्ये, लिस्बनजवळ माफ्रा येथे राजा पाचवा जुआंव याने एका प्रचंड राजवाड्याची आणि मठाची पायाभरणी केली. ते बांधकाम ब्राझीलच्या सोन्यावर उभे राहिले. एकाच राज्यात, एकाच वर्षी, देवाच्या नावाने दोन गोष्टी घडल्या. एकीला राजाचा खजिना लागला, दुसरीला फाटके जाळे पुरले.

आणि ते काउंट? १७२० साली विला रिका या खाणींच्या गावी लोकांनी कराविरुद्ध उठाव केला. असुमारने तो निर्दयपणे मोडला. फिलिप दोस सांतोस याला मृत्युदंड दिला आणि बंडवाल्यांची घरे जाळली. ती टेकडी अजून 'जळकी टेकडी' म्हणून ओळखली जाते. पुढे १७४४ साली हेच गृहस्थ व्हाइसरॉय होऊन गोव्यात आले. १७४६ साली त्यांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून हळर्णचा किल्ला घेतला, तेरेखोलही घेतला. हळर्णला पोर्तुगीज 'अलोर्ना' म्हणत. त्या विजयाबद्दल राजाने त्यांना 'मार्केश द अलोर्ना' ही पदवी दिली. पेडण्यातल्या किल्ल्याचे नाव अशा रीतीने पोर्तुगालच्या एका उमराव घराण्याला चिकटले. आपल्यापैकी कितीजण हळर्णला सहलीला जातात, तेरेखोलच्या संत आंतोनच्या चर्चसमोर उभे राहून फोटो काढतात! त्या तटांमागचा हात आणि विला रिकाची घरे जाळणारा हात एकच होता.

पोर्तुगीज काळाकडे पाहताना आपल्यात दोन टोके दिसतात. काहींना त्या काळाचे सगळे सुंदर वाटते: वास्तू, गाणी, सणवार. काहींना त्यातून आलेल्या श्रद्धेचीही लाज वाटते, आणि बाहेरचे लोकही 'तुमचा धर्म राज्यकर्त्यांनी आणला' असे ऐकवतात. सोन्याची वाट आम्हाला तिसरी गोष्ट शिकवते. त्या वाटेवरून सत्ता गेली, लोभ गेला, आणि पोकळ संतही गेले. पण श्रद्धा टिकली ती अनवाणी चालणाऱ्यांमुळे. रिओहून थेट जाणारी नवी वाट निघाल्यावर पारातीचे महत्त्व ओसरले. पुढे रेल्वे दुसरीकडून गेली आणि गाव विस्मरणात पडले. खुद्द गुलामगिरी १८८८ साली कायद्याने संपली. सोने तर केव्हाच लिस्बनला जाऊन खर्च झाले होते. जपमाळेच्या मातेचे ते गुलामांचे चर्च मात्र पारातीत आजही उभे आहे.

आपल्याही श्रद्धेचा वारसा व्हाइसरॉयकडून आलेला नाही. आपल्या आजीने चुलीपुढे बसून शिकवलेली जपमाळ, पावसात भिजत वाड्यावाड्यांवर जाणारे जुने धर्मशिक्षक, कोळ्यांच्या आणि कुळवाड्यांच्या घरी पेटलेली मेणबत्ती, यांच्याकडून तो आला. म्हणून धर्मग्रामातल्या तरुणांनी घाटात किंवा किल्ल्यावर जरूर जावे. पायाखालचा दगड कोणी वाहिला हे वाटाड्याला विचारावे, आणि त्या अनाम माणसांसाठी तिथे उभ्या उभ्या एक 'नमो मरिया' म्हणावी. मोठ्यांनी या महिन्यात दुसरे एक काम करावे. ज्या घरी आपण जपमाळेसाठी आजवर कधी गेलो नाही, त्या घरी जावे. का गेलो नाही, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू कोळ्यांच्या होडीत बसलास आणि गुलामाचे रूप घेतलेस. आमच्या वाटा ज्यांच्या श्रमाने बांधल्या गेल्या, त्यांना तुझ्या राज्यात विसावा दे. आमच्या अंतःकरणात आम्ही काय लपवून नेतो ते तू जाणतोस. ते रिकामे कर आणि तुझ्या प्रेमाने भर. आपारेसिदा माते, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.